‘मत राखून’ लिहिलं आणि पाच महिने गेले

आमचं ग्रामीण रुग्णालय सुरत–नागपूर महामार्गाला लागून आहे, त्यामुळे अपघाताचे पीएम (शवविच्छेदन) नेहमीचेच. खान्देशात नव्याने रुजू होणाऱ्या मेडिकल ऑफिसरांसाठी हे लिहितोय. एका केसचं अंतिम मत द्यायला पाच महिने लागले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मरणोत्तर पंचनामा, ओळख पटवणं, पीएम, प्रेत ताब्यात देणं, सगळं एका दुपारी उरकलं. मोटरसायकलस्वार होता. कवटीच्या तळाला एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आडवी भेग, तळ जणू बिजागरीसारखा उघडलेला. छातीत महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) फाटलेली, डाव्या हाताची धमनी जिथून निघते त्याच्या लगेच खाली. डाव्या पोकळीत दीड लिटर रक्त. मृत्यूचं कारण डोळ्यांसमोर होतं. पण पंचनाम्यात ‘दारूचा वास’ आला होता, म्हणून आमच्याकडून कारणाच्या रकान्यात ‘व्हिसेरा राखला, मत राखून’ असं लिहिलं गेलं, म्हणजे अवयवांचे नमुने तपासणीसाठी ठेवले आणि रिपोर्ट येईपर्यंत कारण सांगणार नाही.

तिथून अडलं. बाटल्या पोलीस ठाण्यात तीन आठवडे पडून राहिल्या, तेही मे महिन्यात. पुढे गेल्या तर प्रयोगशाळेने परत पाठवल्या: बाटलीवर पीएम नंबर, पत्रावर फक्त एडी (पोलिसांच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीचा) नंबर, आणि सोबत सीलचा नमुना नाही. दुसऱ्यांदा स्वीकारल्या. मग सीए रिपोर्टची, म्हणजे रासायनिक तपासणीच्या अहवालाची वाट. दर पंधरवड्याला मृताचा भाऊ यायचा, ‘साहेब, रिपोर्ट आला का?’ विमा कंपनी अंतिम कारण मागत होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) मध्ये नुकसानभरपाईच्या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, आणि पाच महिने आमच्या एका रकान्याने खाल्ले.

शेवटी रिपोर्ट आला, पण त्यातल्या दारूच्या आकड्याला अर्थच नव्हता. रक्त छातीच्या पोकळीतून घेतलेलं. जठर आणि छाती-पोटामधला पडदा फाटलेला असेल तर पोटातली दारू त्या रक्तात मिसळते आणि आकडा खोटा वाढतो. रक्त मांडीच्या शिरेतूनच घ्या, सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेटच्या बाटलीत. फ्लोराइड नसेल तर जंतू बाटलीतच दारू तयार करतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते फार लवकर होतं. कायद्याची मर्यादा १०० मिलीला ३० मिलिग्रॅम. एवढ्या बारीक आकड्याला असं रक्त काय कामाचं?

दारू प्यायलेला असला तरी मृत्यू डोक्याच्या आणि छातीच्या इजांनीच झाला. म्हणून कारण त्याच दिवशी लिहा, दारूसाठी रक्त वेगळं पाठवा. विषाचा खरा संशय असेल, किंवा इजा मृत्यूला पुरेशा नसतील, तरच मत राखा.

नातेवाइकांना मी आता सांगतो की पीएमची प्रमाणित प्रत आधी घ्या, सीए रिपोर्टसाठी दावा दाखल करायचं थांबवू नका.

पीएम फॉर्मचा कॉलम १७ (अंगावरच्या जखमांचा) मात्र घाईने भरू नका, पुढे कोर्टात सगळे प्रश्न तिथूनच येतात. कारमध्ये दोघे दगावले आणि लोकांनी आधीच बाहेर काढले असतील, तर ‘चालवत कोण होतं’ हे सीट बेल्टचा वळ सांगतो: आपल्याकडे चालकाचा उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेकडे, शेजारच्याचा उलटा. पादचाऱ्याच्या नडगीचा मोड (फ्रॅक्चर) टाचेपासून किती सेंटीमीटरवर, हे दोन्ही पायांचं मोजून लिहा. त्रिकोणी तुकडा निघाला असेल तर त्याचा पाया बहुधा धक्क्याच्या बाजूला असतो, टोक गाडी जात होती त्या दिशेला. ब्रेक दाबल्यावर गाडीचं नाक खाली झुकतं, त्यामुळे मोड बंपरच्या उंचीपेक्षा खाली सापडला तर गोंधळू नका.

आणि कपडे. ओले असतील तर सावलीत वाळवून, कागदात बांधून सीलबंद द्या. प्लास्टिकच्या पिशवीत ते कुजतात, आणि टायरची नक्षी, रंगाचे कण बहुतेक वेळा कातडीपेक्षा कपड्यांवरच चांगले राहिलेले असतात.