बायकोसाठी घरातच खजिन्याचा शोध

या खेळात प्रत्येक चिठ्ठीतल्या कोड्यावरून पुढच्या चिठ्ठीची जागा कळते आणि शेवटच्या चिठ्ठीवरून भेटवस्तूची. दोन खोल्यांच्या घरात सहा-सात चिठ्ठ्या पुरतात; दहाच्या पुढे कंटाळा येतो. आधी भेटवस्तूची जागा ठरवा, मग शेवटच्या चिठ्ठीपासून उलट लिहीत या, म्हणजे साखळी तुटत नाही. मागे पेन्सिलीने क्रमांक टाका. फ्रिजमधली चिठ्ठी बॉलपेनने लिहा, जेलपेनची शाई ओलाव्याने पसरते.

खरा घोळ रोजच्या जागांमुळे होतो. चहाच्या डब्यातली चौथी चिठ्ठी सकाळीच हाती लागली, की मधला सगळा खेळ बुडाला! अशा चिठ्ठ्या ती आंघोळीला गेल्यावरच ठेवा. कामाच्या मावशींनाही आदल्या दिवशी सांगा, नाहीतर चिठ्ठी केरात जाते. यमक जुळवत बसू नका. दोघांनाच कळेल असा एखादा जुना संदर्भ पुरे. अडलीच, तर द्यायला प्रत्येक कोड्यासाठी एक सोपी खूण तयार असू द्या.