मिररलेस कॅमेऱ्याचा सल्ला घेताना आधी विचारा: कोणत्या कॅमेऱ्यावर, कोणत्या शटरने?

“इलेक्ट्रॉनिक शटर चुकूनही वापरू नका” आणि “आता यांत्रिक शटरची गरजच उरली नाही” हे दोन्ही सल्ले मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांबद्दल सारख्याच ठामपणे दिले जातात. देणारे दोघंही खोटं बोलत नसतात, त्यांच्या हातातले कॅमेरे वेगळे असतात. म्हणून बॉडीचं (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचं) नाव, शटरचा प्रकार आणि फर्मवेअरची (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती न सांगता दिलेला सल्ला मी बाजूला ठेवतो.

यांत्रिक शटर म्हणजे सेन्सरसमोर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपसमोर, उघडझाप करणारा पडदा. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये पडदा वापरला जात नाही, सेन्सरच्या ओळी वरून खाली एकामागून एक वाचल्या जातात. साध्या सेन्सरला पूर्ण फ्रेम वाचायला बहुधा १/१५ ते १/६० सेकंद लागतो. शटर स्पीड १/४००० ठेवला तरी हा वाचनाचा वेळ कमी होत नाही, आणि बहुतेकांची गफलत नेमकी इथेच होते. तेवढ्या वेळात पंख्याची पाती वाकडी दिसतात आणि एलईडीच्या प्रकाशात फोटोवर आडवे पट्टे येतात. स्टॅक्ड सेन्सर (ज्याच्या मागेच वेगवान मेमरीचा थर असतो) हेच काम कितीतरी पट वेगाने करतो, म्हणून २०२१ च्या निकॉन झेड ९ मध्ये यांत्रिक शटर ठेवलेलंच नाही. सोनी ए ९ थ्रीचा ग्लोबल शटर तर सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपतो, तिथे पाती वाकडी होण्याचा प्रश्नच येत नाही.

आपल्या कॅमेऱ्याचा हा वाचनाचा वेग घरीच मोजता येतो. लुकलुकणाऱ्या एखाद्या स्वस्त एलईडी दिव्याने उजळलेली कोरी भिंत घ्या. कॅमेरा आडवा धरा, इलेक्ट्रॉनिक शटर निवडा, स्पीड १/२००० ठेवा, लागेल तेवढा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवा. फोटोत वरपासून खालपर्यंत किती उजळ पट्टे आले ते मोजा. ५० हर्ट्झ विजेवर असा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, ६० हर्ट्झवर १२० वेळा. सेकंदाला १०० लुकलुकी असताना ५ पट्टे आले, तर वाचनाला ५/१००, म्हणजे १/२० सेकंद लागला. पट्टे दिसलेच नाहीत तर दिवा बदला, काही दिव्यांचा ड्रायव्हर लुकलुकू देत नाही. चाचणी रोजच्या वापराच्या मोडमध्येच करा. काही बॉडी सलग फोटो काढताना १४ बिटवरून १२ बिटवर (रंगछटांच्या कमी बारकाव्यावर) उतरतात आणि वाचनाचा वेळ बदलतो.

पट्टे टाळायला ५० हर्ट्झच्या ठिकाणी १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झच्या ठिकाणी १/६० किंवा १/१२५ ठेवा. याहून वेगवान स्पीड हवा असेल तर यांत्रिक शटर आणि अँटी-फ्लिकर (दिव्याची लुकलुक ओळखून उजेडाच्या क्षणी फोटो टिपणारी सोय) चालू करा.

इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनचा (फोटोची सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट यांत्रिक पडद्याने) धोका मात्र कमी लोक सांगतात. धक्का कमी बसतो म्हणून तो चांगलाच, पण एफ/१.४ वर (लेन्सचं तोंड खूप उघडं असताना) १/२००० च्या पुढे गेलात की पार्श्वभूमीतले प्रकाशाचे गोळे एका बाजूने कापल्यासारखे दिसू शकतात. सुरुवात सेन्सरवर होते आणि शेवट सेन्सरच्या थोड्या पुढे असलेल्या पडद्याने होतो, या अंतराचा तो परिणाम. पूर्ण यांत्रिक शटर लावा, गोळे पुन्हा गोल होतात.

स्टुडिओत फ्लॅश जोडल्यावर व्ह्यूफाइंडर काळाठिक्कर पडला, तर कॅमेरा बिघडलेला नाही. आयएसओ १००, एफ/८, १/१६० ला खोलीचा प्रकाश जेवढा दिसायला हवा तेवढाच तो दाखवतोय. फ्लॅशचा प्रकाश आधी दिसत नाही, म्हणून कॅननमध्ये एक्स्पोजर सिम्युलेशन, सोनीत सेटिंग इफेक्ट बंद करा.

ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंदच ठेवावं का? अनेक नव्या बॉडी ट्रायपॉड ओळखतात, सगळ्याच जुन्या ओळखतात असं नाही. १ सेकंदाचा एक्स्पोजर, २ सेकंदांचा टायमर लावून स्टॅबिलायझेशन चालू ठेवून १० आणि बंद करून १० फोटो काढा, १०० टक्क्यांवर शेजारी शेजारी ठेवून बघा.

ऑटोफोकसबद्दलच्या मतांची तारीख तर आवर्जून तपासा. सोनी ए ९ आला २०१७ मध्ये, आणि २०१९ च्या फर्मवेअर ५.० ने त्याला रिअल-टाइम ट्रॅकिंग (हलत्या विषयाचा फोकस सलग धरून ठेवणं) मिळालं. त्याआधीची परीक्षणं वेगळ्याच ऑटोफोकसची आहेत. मेन्यूत आपली आवृत्ती बघा, उत्पादकाच्या साइटवर बदलांची यादी वाचा, आणि अपडेट करताना बॅटरी पूर्ण भरलेली ठेवा. मधेच बंद पडला तर कॅमेरा पुन्हा सुरू न होण्याची भीती असते.