आजोबांना पत्र

"सर, जर्नल तासाभरात झालं होतं. पत्राला तीन दिवस लागले."

एस.वाय.ची मुलगी, सांगलीकडची. जर्नल बिनचूक: 'मातीचा नमुना घेण्यात आला. विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त. निष्कर्ष: क्षारपड.' (वाहकता जास्त म्हणजे मातीत क्षार जास्त; क्षारपड म्हणजे क्षार साचून बिघडलेली जमीन.) दहापैकी नऊ मीच दिलेले.

मग म्हटलं, हेच आजोबांना पत्रात लिही. तिथे गाडी अडली. उसाला पाणी जास्त झालं की जमीन खारवते कशी? भूजल वर चढतं, पाणी उडून जातं, क्षार वरच राहतात, हे पत्र लिहिताना तिला उमगलं.

'घेण्यात आला' म्हटलं की कुणी, कशाला, हे कोणी विचारतच नाही. (मीही नाही विचारलं.)

आजोबांचं उत्तर आलंय म्हणे: "मग पाणी किती द्यायचं, ते लिही."

आता याला गुण कुठल्या रकान्यात देऊ?