सीटवरची तुटलेली निळी रेघ

बेळगावच्या उद्यमबागेत मी इंजिनांच्या हेडची, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाची, कामे करतो. गेल्या गळीत हंगामात खानापूर तालुक्यातले एक वयस्कर शेतकरी तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचे हेड घेऊन आले. दुसरीकडे दोनदा व्हॉल्व्ह, म्हणजे हेडमधल्या झडपा, घासून घेऊनही भरलेली ट्रॉली ओढताना इंजिन दम टाकत होते. "मिस्त्री, तोडलेला ऊस शेतातच वाळायलाय, वजन रोज घटायलंय," एवढेच ते बोलले.

दुसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरची नळी सैल केली तरी आवाजात फरक पडत नाही आणि इंजिन हाताने फिरवताना सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू येते, असे त्यांनी सांगितले, तेव्हाच माझा संशय दुसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेवर, गेला. हेड आडवे ठेवून त्या व्हॉल्व्हच्या पोर्टमध्ये, म्हणजे धुराच्या वाटेत, रॉकेल ओतले, तर मिनिटभरात व्हॉल्व्हच्या कडेने ओल फुटली.

व्हॉल्व्ह काढून पाहिला, तर त्यावर घासल्याची करडी रेघ पूर्ण गोल होती आणि कोणालाही काम चोख वाटले असते. परंतु व्हॉल्व्हच्या टेकणाऱ्या तोंडावर निळ्या रंगाचा अगदी पातळ हात देऊन मी तो न फिरवता सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, अलगद दाबला, तेव्हा सीटवर निळी रेघ जेमतेम पाऊण भागातच उमटली. एका बाजूला नखाएवढी जागा कोरीच राहिली. व्हॉल्व्ह थोडा उचलून हलवला, तर त्याची दांडी गाईडमध्ये, म्हणजे ती ज्यात सरकते त्या नळीत, खडखडत होती. दोष इथे होता. गाईड झिजलेला असेल तर व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी बसतो. घासायची पेस्ट लावून कितीही घासले तरी सीट फक्त रुंद होत जाते, गळती थांबत नाही. त्यातच एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते, त्यामुळे जिथे तो टेकत नाही तिथली कड जळू लागते. ही कड काळवंडलेली होतीच.

नवा गाईड दाबून बसवला, रीमर फिरवून त्याचे भोक मापात आणले आणि त्याच गाईडमध्ये पायलट, म्हणजे कटर मध्यावर धरणारी सळई, घालून सीटवर ४५ अंशांचा कटर चालवला. वरून ३० आणि खालून ६० अंशांनी छाटून रेघ सुमारे दीड मिलिमीटरवर आणली. नव्या व्हॉल्व्हला बारीक पेस्ट लावून रवी घुसळावी तशी दांडी दोन्ही तळव्यांत फिरवली, मधूनमधून व्हॉल्व्ह उचलून जागा बदलली. सुरुवातीची खरखर मऊ होताच थांबलो, कारण त्यापुढचे घासणे सीटच खाते. मग सगळे हेड रॉकेलने दोनदा धुतले. गाईडमध्ये पेस्टचा कण राहिला तर तो नवा गाईडही लवकर पोखरतो, आणि या धुण्यातच अनेक जण घाई करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

स्प्रिंगा चढवून पोर्टमध्ये पुन्हा रॉकेल भरले. काका तासभर समोर बसून होते. शेवटी त्यांनीच वर्तमानपत्राची एक पट्टी फाडून व्हॉल्व्हच्या कडेने सगळीकडून फिरवली आणि उजेडात धरून पाहिली. पट्टी कोरडी होती.