चंद्राची बाधा

जुन्या गोव्याला चालत जाणार म्हणून घरी सांगितलं तेव्हा आई आधी हसली आणि मग गप्प बसली. आम्ही मेथडिस्ट, प्रोटेस्टंटांमधला एक पंथ. १८२० मध्ये लंडन मिशनचे जोसेफ टेलर बेळगावात आले, त्यांच्या कामातून उभी राहिलेली मंडळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेथडिस्टांकडे आली, आणि आमचं घर पणजोबांपासून तिथलंच. आमच्यात पवित्र शास्त्र वाचतात. संताच्या शवपेटीसमोर रांग लावत नाहीत. बायको मात्र खानापूरकडची कॅथलिक. तिच्या मावशीची आंगवण, म्हणजे नवस, होती, की गुडघे साथ देतायत तोवर एकदा संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, ३ डिसेंबरला, पायी पोचायचं. सोबत घरातलं कुणीतरी हवं होतं. बायकोला रजा मिळेना. माझ्या शिल्लक होत्या. माझ्या यात्रेचं कारण एवढंच, उगाच मोठं करून सांगत नाही.

पहाटे बेळगावच्या कॅम्पातून निघालो तेव्हा पस्तीसेक माणसं होती. निघण्याआधीच वाद. पुढे मोठा लाकडी क्रूस धरायचा की नाही? धर्मांतरबंदीचं विधेयक कर्नाटकच्या विधानसभेत मंजूर झालं ते २३ डिसेंबर २०२१ ला, आमच्याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात. तेव्हापासून दहा ख्रिस्ती माणसं रस्त्यानं एकत्र निघाली तरी कुणीतरी म्हणतंच, जरा जपून. शेवटी एका पोरानं कुणाला न विचारता क्रूस खांद्यावर टाकला आणि चालायला लागला. वाद तिथंच मिटला. पिरनवाडी ओलांडताना दोन बायकांनी थांबवून चहा पाजला. क्रूसाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

किणयेच्या पुढे रस्त्याकडेला भाताची मळणी चालली होती. खळ्यावरच्या एका म्हाताऱ्यानं हाक मारली, "खट्टे चाललासा एवढी माणसं?"

"गोव्याला. सायबाच्या पायाशी," मावशी म्हणाली. सायब म्हणजे झेवियर.

"चालत? मग माळ खट्टे हाय?"

तो नुकताच कार्तिकीहून परतला होता, गळ्यात तुळशीची माळ. मावशीनं जपमाळ काढून दाखवली. त्यानं ती बोटांवर घेऊन खरंच मोजायला सुरुवात केली आणि मान हलवली. "एकशेआठ न्हाईत ह्यात."

"एकोणसाठ. आम्ही फेरे जास्त घालतो."

त्याला हे पटलं. मग माझ्याकडे वळून, "आनी तुमची?" माझ्या गळ्यात चार्जरची वायर होती.

चालताना जपमाळ चालायची, एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा टप्पा, कोंकणीत, एक मराठीत, एक कन्नडात. मला पाठ नव्हती, म्हणून मी मनातल्या मनात स्तोत्रं म्हणत होतो. रविवारच्या शाळेत आईनं पाठ करून घेतलेलं १२१ वं स्तोत्र, डोंगराकडे डोळे लावण्याचं. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं यरुशलेमला वर चढत जाणाऱ्या यात्रेकरूंची, हे प्रवचनात कितीदा ऐकलंय. पण ती ऐकली बाकावर बसून, पंख्याखाली. पाय घसरू न देणारा, डुलकी न घेणारा राखणदार हा आमच्या घरी अंत्यविधीच्या वेळी आठवायचा. कुसमळीच्या पुलावर मलप्रभा ओलांडताना टाच जळायला लागली आणि लक्षात आलं की त्यात पायाचा उल्लेख आहे तो पायाचाच आहे.

संध्याकाळी जांबोटीला मुक्काम. माझ्या टाचेला लिंबाएवढा फोड. मावशीनं पिशवीतून सुई काढली, काडेपेटीच्या ज्योतीवर धरली, काळा दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेनं घालून दुसरीकडून बाहेर काढला. दोरा ओढून काढला नाही, आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. "पाणी दोऱ्यावाटे जातं रात्रभर. कातडं सोलायचं नाही, जावई. सोललं की संपलं." पाय तिच्या मांडीवर आणि वर खोबरेल तेल. मी संकोचानं पाय ओढायला बघत होतो, आणि तिनं चापट मारली.

तिथंच मी तिला कित्येक वर्षं पोटात असलेला प्रश्न विचारला. झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला. १५४६ मध्ये त्यानंच पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, मागवलं. ते आलं १५६० मध्ये, तो वारल्यावर आठ वर्षांनी. पण मागणं त्याचं होतं. आणि मावशीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की त्यांचे पूर्वज त्याच भीतीनं घाट चढून वर खानापुरात आले. मग त्याच्याच पायाशी जायचं?

मावशीनं तेलाची बाटली बंद केली. "ते भिऊन वर आले असतील. मी गुडघ्यासाठी खाली चाललेय. त्याचं चुकलं असेल तर त्याला देव विचारेल की. तुमच्या पाळकांचं कधी चुकत नाही?"

चुकतं. आमच्यात जागेच्या कागदावरून दोन गट झाले आणि वर्षभर माणसं एकाच उपासनेत वेगवेगळ्या दारांनी आत येत होती. प्रभुभोजनाची भाकर मात्र एकच. हे मी तिला सांगितलं नाही. झेवियरबद्दलचं माझं मत अजून तेच आहे. फक्त त्या मतावर मी एवढा ताठ का उभा असतो, हे मला त्या रात्री नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी कणकुंबी. आदल्या दिवशी पुलावरून ओलांडलेली मलप्रभा इथं उगम पावते. इथला पाऊस थोडा इकडे पडला तर मलप्रभेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जातो. थोडा तिकडे पडला तर म्हादईत उतरतो, आणि म्हादई म्हणजे पुढची मांडवी, जुन्या गोव्याच्या काठाची. म्हणजे पाणी आमच्याआधी पोचणार, नवस न बोलता. सिग्नल होता तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती शास्त्र इंग्रजीत वाचते, मोबाईलवर. प्रार्थना मात्र अजून मराठीत करते. कुठवर करेल ठाऊक नाही. "पप्पा, स्तोत्र १२१ मध्ये चंद्र काय करतो? सूर्याचं समजतं." दिवसा सूर्याची आणि रात्री चंद्राची बाधा होणार नाही, अशी ती ओळ. मला उत्तर देता आलं नाही. काव्य आहे, म्हणालो.

उत्तर चोर्ल्याच्या घाटात मिळालं. ऊन टाळायला रात्री तीनला निघालो. पौर्णिमा होऊन दोन-तीनच दिवस झाले होते, चांदणं एवढं लख्ख की बॅटरी कुणी लावलीच नाही. झाडांतून खाली पडलेले उजेडाचे ठिपके, मध्ये काळी सावली. मी सावलीला खड्डा समजून चुकवत होतो आणि उजेडाला रस्ता समजून पाय टाकत होतो. असाच एक उजेड निघाला खड्डा. खालच्या साचलेल्या पाण्यावर चंद्र चमकत होता. घोटा मुरगळला. रस्त्यावर बसल्या बसल्या मला हसू आलं. ज्यानं ते स्तोत्र रचलं तो रात्री डोंगरातून चाललेला माणूस असणार.

पुढचा प्रवास मी सामानाच्या गाडीत केला, पिशव्यांच्या मध्ये, पाय वर करून. जुन्या गोव्याला सगळ्यांच्या आधी पोचलो, लबाडीनं.

मावशी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. झेवियरच्या शवाची पेटी दर दहा वर्षांनीच खाली आणतात, आणि आमचं वर्ष ते नव्हतं. चांदीची पेटी उंचावरच राहणार होती. तिला त्याचं काही नव्हतं. आधी खाली वाकून तिनं माझा घोटा दाबून बघितला. मग बॉम जेजू चर्चच्या दाराशी पायातल्या चपला काढून माझ्या हातात दिल्या. "धरा, जावई. तुम्हाला आत काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

ती रांगेत शिरली. डाव्या चपलेचा अंगठा घाटात तुटला असावा. तो काळ्या दोऱ्यानं शिवलेला होता.