लहान-मोठ्या कोंबड्या एकाच खुराड्यात: माझा अनुभव

बँटम, म्हणजे लहान चणीच्या कोंबड्या, आणि मोठ्या जातीच्या कोंबड्या एका कळपात नीट नांदतात, हे मी खात्रीने सांगते. पण ब्रह्मा जातीचा पूर्ण वाढलेला कोंबडा साडेचार-पाच किलोंचा भरतो आणि सेरामा ही चिमुकली बँटम साधारण अर्ध्या किलोच्या आतच राहते. एवढ्या तफावतीत भांडणं मिटणार की पेटणार, हे बरंचसं खुराड्याच्या रचनेवर ठरतं. म्हणून जागा धरताना मी माप मोठ्या कोंबडीचं घेते. दाणा, पाणी आणि पळवाट मात्र लहानीच्या मापाने बसवते.

जात निवडताना वजनाआधी स्वभाव बघावा. ब्रह्मा, कोचिन, ऑर्पिंग्टन या धिप्पाड पण शांत. बँटम मध्ये आली तरी बहुतेक वेळा ढुंकून बघत नाहीत. ऱ्होड आयलंड रेड त्यांच्याहून हलकी, तरी दाण्यावर हक्क सांगायला पुढे. झुंजीच्या वंशातल्या मोठ्या कोंबड्या बँटमबरोबर ठेवूच नयेत. उलट झुंजार वंशातली बँटम स्वतःच्या तिप्पट वजनाच्या कोंबडीला भांड्यावरून हुसकावते. सगळ्यात जास्त मार खातात त्या सिल्की आणि पोलिश. डोक्यावरच्या झुपक्यामुळे त्यांना बाजूने आणि वरून येणारी चोच दिसतच नाही. डोळ्यांभोवतीची पिसं कात्रीने कापून टाकली की त्यांचं दचकणं आणि टोचून घेणं, दोन्ही कमी होतं. नवीन फुटणाऱ्या, रक्त भरलेल्या कोवळ्या पिसांना कात्री लावायची नाही.

जागा: आत प्रत्येकी 4 चौरस फूट, बाहेरच्या फिरायच्या जागेत प्रत्येकी 10 चौरस फूट. नुसत्या बँटमना आत 2 चौरस फूट पुरतं, पण मिश्र कळपात मी तेवढ्यावर भागवत नाही. लहान कोंबडी मार टाळते ती अंतर राखून, आणि अंतर राखायलाच जागा लागते. बाहेर लांबलचक मोकळं पटांगण असण्यापेक्षा मध्ये ओंडके, आडव्या फळ्या, एखादी उलटी ठेवलेली पेटी असावी. मोठीची नजर तुटली की पाठलाग तिथेच थांबतो. जिथे दोन भिंती मिळतात तो कोपरा फळी तिरकी लावून बुजवावा. पाठलागात लहान कोंबडी तिथेच अडकते आणि टाळूवर टोचे बसतात.

सगळ्यात उपयोगी पडतो तो बँटमपुरता आडोसा. फळ्यांचं एक छोटं दालन करावं आणि त्याला साधारण 10 सेंटिमीटर रुंद, 15 सेंटिमीटर उंच अशी भोकं ठेवावीत. रुंदी थोडी थोडी वाढवत आपल्याच पक्ष्यांवर तपासावी. बँटम न घासता आत गेली पाहिजे आणि मोठीची छाती अडली पाहिजे. पिसांमुळे मोठी कोंबडी असते त्याहून रुंद दिसते, म्हणून नजरेने अंदाज बांधू नये. भोकं दोन हवीत, समोरासमोर. एकच असलं तर आत शिरलेली दुसरी बँटम पहिलीला कोंडून मारू शकते. या दालनात दाणा-पाण्याचा एक संच कायम असतो.

दाण्याची भांडी कोंबड्यांच्या पाठीच्या उंचीला टांगतात, म्हणजे सांडलवंड होत नाही. मिश्र कळपात एकच उंची ठेवली तर बँटमना मान ताणून खावं लागतं. म्हणून निदान दोन भांडी, एक उंच आणि एक खाली, एकमेकांपासून 6-8 फुटांवर. म्हणजे एकाच दांडगट कोंबडीला दोन्ही राखता येत नाहीत. निपलचं पाणी (चोच लावली की थेंब सोडणाऱ्या तोट्या) असेल तर एक ओळ बँटमच्या डोक्याच्या बेताने खाली बसवावी. मोठी अंडी देणारी कोंबडी दिवसाला 110 ते 130 ग्रॅम खाते, बँटम 50-60 ग्रॅम. एकूण दाणा बरोबर घातला म्हणून लहानींच्या पोटात गेला, असं होत नाही. संध्याकाळी दांडीवर बसल्यावर गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटांनी चाचपावी. पोटभर खाल्लेल्या बँटमची पिशवी छोट्या लिंबाएवढी हाताला लागते. ती रोज चपटी लागली, तर भांड्यावर तिला कुणी टिकू देत नाही हे नक्की.

कळपात तलंगा (अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या) किंवा कोंबडे असतील तर सगळ्यांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य देऊ नये. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं आणि वाढत्या पक्ष्यांच्या मूत्रपिंडांना ते सोसत नाही. मी सगळ्यांना 16 ते 18 टक्के प्रथिनांचं ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य देते आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवते. जिला अंडी घालायची ती बरोबर जाऊन खाते.

रात्रीच्या दांड्यांवर खरी मारामारी होते. वरची जागा सगळ्यांनाच हवी असते आणि तिथपर्यंत बँटम सहज उडते. जड कोंबडीला मात्र दांडी जमिनीपासून दीड-दोन फुटांवरच हवी. उंचावरून रोज उडी मारली की तळपायाला इजा होते, त्यात जंतू शिरतात आणि मध्ये काळी खपली असलेली गाठ येते. तेव्हा जड कोंबड्यांना खालची, 9-10 सेंटिमीटर रुंद सपाट दांडी, प्रत्येकी 10-12 इंच. बँटमना वर, तीन-चार फुटांवर, 3-4 सेंटिमीटर जाडीची, प्रत्येकी 6-8 इंच. वरची दांडी खालच्या दांडीच्या थेट डोक्यावर नको. फूटभर मागे सरकवावी, नाहीतर वरच्यांची शिट खालच्यांच्या पाठीवर पडते. सिल्कीला यातलं काहीच लागू नाही. तिची पिसं एकमेकांत गुंतत नाहीत, त्यामुळे ती उडत नाही. तिला फूटभर उंचीची दांडी किंवा जमिनीवर कोरडा भुसा द्यावा.

अंड्यांच्या पेट्या मोठ्यांना 12 ते 14 इंच चौरस, बँटमना 8 ते 10. चार-पाच कोंबड्यांमागे एक पेटी पुरते.

एकत्र आणण्याची घाई करू नये. नवीन पक्षी आधी 30 दिवस पूर्ण वेगळे, भांडी वेगळी, आणि रोज जुन्या कळपाचं काम आटोपल्यावरच त्यांच्याकडे जायचं. मग एक-दोन आठवडे मध्ये जाळी ठेवून शेजारी. दोन्हीकडची दाण्याची भांडी जाळीला लागून, म्हणजे एकमेकांसमोर खायची सवय होते. बँटम एकटी कधीच सोडू नये, निदान तिघी एकदम. जमत असेल तर बँटमनाच आधी खुराड्यात मुरू द्यावं आणि मोठ्या नंतर आणाव्यात; जुनी कोंबडी आपल्या जागेत जास्त ठाम असते. ते शक्य नसेल तर सोडायच्या आदल्या संध्याकाळी आतली भांडी आणि आडोसे हलवून टाकावेत. सगळ्यांनाच जागा नवखी वाटते. सोडताना सकाळची वेळ निवडते, कारण दिवसभर लक्ष ठेवता येतं.

मान ताणून उभं राहणं, एखादा टोचा, दोन पावलं पाठलाग, यात पडू नये. ती त्यांची उतरंड ठरत असते. पाडून वर बसून टोचणं किंवा रक्त दिसणं, की लगेच वेगळं करायचं. लाल रंगावर इतर कोंबड्याही तुटून पडतात. मात्र मार खाणारीला बाहेर काढण्याआधी मारणारीला चार दिवस बाहेर ठेवून बघावं. परत येते तेव्हा तिची पत घसरलेली असते. मार खाणारीला हलवलं तर तिला पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागते.

नर कोंबड्यांच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. मोठ्या जातीचा कोंबडा बँटम मादीवर चढला की पाठीची पिसं जातात आणि नखांनी कुशीची कातडी फाटते. पिसांखाली असल्यामुळे ती जखम दिसतही नाही. कळपात बँटम कोंबडाच ठेवावा, 8-10 माद्यांमागे एक, किंवा मुळीच ठेवू नये. दोन आकारांचे दोन कोंबडे एकत्र तर नकोच. बँटम कोंबडा माघार घेत नाही आणि जीव गमावतो.

पिल्लं एकत्र वाढवली तर पुढे सहनशीलता जास्त राहते, पण ब्रूडरमध्ये, म्हणजे दिव्याची ऊब दिलेल्या पिल्लांच्या जागेत, त्यांना आकाराप्रमाणे वेगळंच ठेवावं. थंडी वाटली की सगळी गोळा होतात आणि खालची लहान पिल्लं चेंगरून मरतात. पहिल्या आठवड्यात 35 अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला 3 अंशांनी कमी. बँटमच्या पिल्लांची ऊब लवकर जाते, त्यांना दिव्याखाली थोडं जास्त ठेवावं. पाण्याच्या ताटलीत गोट्या टाकाव्यात, पिल्लू बुडत नाही.

जंताचं औषध देताना सगळ्यांना एकच मात्रा देऊ नका. 4 किलोंच्या कोंबडीची मात्रा 500 ग्रॅमच्या बँटमला आठपट होते. प्रत्येकीला कापडी पिशवीत घालून ताणकाट्यावर तोलावं, वजन वहीत लिहावं आणि पशुवैद्यकाने सांगितलेलं प्रमाण त्या वजनाला लावून सिरिंजने चोचीच्या कडेने थेंब थेंब द्यावं.