स्कापा फ्लो : थंड पाण्यातली जर्मन जहाजं आणि जायच्या आधी करायची तयारी

सगळ्यात आधी कामाचं सांगते. स्कापा फ्लोला डायव्हिंगला जायचं मनात असेल तर ड्रायसूटमध्ये (पाणी आत न शिरू देणाऱ्या डायव्हिंगच्या सूटमध्ये) किमान २०-२५ डाइव्ह करून घ्या आणि मगच बोट बुक करा. मी शिकले तारकर्लीला, कोमट पाण्यात, पातळ वेटसूटवर. नोकरीसाठी स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला आले तेव्हा वाटलं होतं की पाणी थंड आहे एवढाच काय तो फरक, पण ड्रायसूट हे वेगळंच प्रकरण आहे, खाली जाताना तो अंगाला आवळत जातो म्हणून आत हवा भरत राहावी लागते आणि वर येताना तीच हवा फुगते, वेळेवर सोडली नाही तर पायांकडे पळते आणि माणूस उलटा होऊन वर खेचला जातो. ३५ मीटरवरून असं वर जाणं जिवावर बेतू शकतं. म्हणून मी दोन हिवाळे पाणी भरलेल्या एका जुन्या दगडखाणीत फक्त हेच घोटवलं, खाली बघण्यासारखं काही नव्हतं तरी, आणि त्याचा फायदा स्कापाला पहिल्या दहा मिनिटांत कळला.

आता जागेबद्दल. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत, त्यांच्या मधोमध सगळीकडून जमिनीने वेढलेला समुद्र म्हणजे स्कापा फ्लो. पहिलं महायुद्ध थांबल्यावर जर्मन आरमाराची ७४ जहाजं इथे आणून अडकवून ठेवली होती. खलाशांना किनाऱ्यावर उतरायलाही परवानगी नव्हती, सात महिने ते तसेच जहाजांवर. २१ जून १९१९ ला सकाळी पहारा देणारी ब्रिटिश जहाजं सरावासाठी बाहेर गेली आणि अ‍ॅडमिरल लुडविग फॉन रॉयटरने सगळी जहाजं आतून पाणी सोडून बुडवायचा इशारा दिला. दुपारी बारापासून पाचपर्यंत ५२ जहाजं तळाला गेली. त्या दिवशी ऑर्कनीतल्याच स्ट्रॉमनेस गावातल्या शाळेतली पोरं ‘फ्लाइंग केस्ट्रेल’ नावाच्या बोटीतून हे आरमार बघायला सहलीला आली होती, त्यांच्या डोळ्यांसमोर एकेक जहाज कलंडत गेलं. त्या गडबडीत नऊ जर्मन मारले गेले. पुढे १९२४ पासून अर्नेस्ट कॉक्स नावाच्या भंगार व्यापाऱ्याने तीसहून जास्त जहाजं वर काढली. आज मोठी सात उरलीत : ब्रुमर, ड्रेस्डेन, क्योल्न, कार्ल्सरूहे या चार क्रूझर (मध्यम आकाराच्या वेगवान लढाऊ नौका) आणि क्योनिग, क्रोनप्रिन्झ विल्हेल्म, मार्कग्राफ या तीन प्रचंड युद्धनौका.

जायला आम्ही अ‍ॅबर्डीनहून गाडी घेऊन उत्तर टोकाच्या स्क्रॅबस्टर बंदराला गेलो, तिथून फेरीने दीड तासात स्ट्रॉमनेस. विमानापेक्षा हेच बरं, कारण सामान भयंकर असतं आणि शेवटच्या डाइव्हनंतर विमानासाठी २४ तास थांबावं लागत नाही. फेरीवर असताना डेकवर जा, ओल्ड मॅन ऑफ हॉय नावाचा १३७ मीटरचा दगडी सुळका अगदी जवळून दिसतो. महिना सप्टेंबर निवडला होता तो मुद्दाम, पाणी १३ डिग्रीच्या आसपास असतं. मार्च-एप्रिलला ते ६-७ वर असतं, पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

पहिली डाइव्ह कार्ल्सरूहेवर, ती सगळ्यात उथळ म्हणजे २५ मीटरच्या आसपास, आणि आमच्या स्किपरने, म्हणजे बोटीच्या कप्तानाने, तीच निवडली हे उत्तम झालं. शॉटलाइन (बुडालेल्या जहाजापर्यंत सोडलेला दोर) धरून हिरव्या पाण्यात खाली खाली जात होते, पंधरा मीटरपर्यंत दोर आणि बडीचा (सोबत डाइव्ह करणाऱ्या जोडीदाराचा) टॉर्च सोडून काही दिसत नव्हतं, आणि मग एकदम खालून एक मोठी काळी सावली वर आली. तो क्षण मी अजून विसरलेले नाही. जहाज खूप मोडलंय, पण मागच्या बाजूच्या तोफा दिसतात.

मला सगळ्यात आवडली ती क्योल्न. ३५ मीटरवर उजव्या कुशीवर निवांत झोपल्यासारखी आहे, त्यामुळे डेक भिंतीसारखा उभा असतो आणि त्या भिंतीच्या कडेने पोहत गेलं की सगळं आडवं लागतं, कठडे, लाइफबोटी लटकवायचे दांडे, जाड पोलादाची नियंत्रण खोली. सगळ्यावर पांढरी-केशरी सी-अ‍ॅनिमोन इतकी दाट की पोलाद शोधावं लागतं. दिशा चुकते हं, डोकं ९० अंशात फिरवून विचार करायला लागतो, म्हणून आदल्या रात्री जहाजाचं चित्र आडवं धरून बघून ठेवा.

क्रोनप्रिन्झ विल्हेल्मवर गेलो तेव्हा मात्र मी गप्प झाले. ही पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या आरमारी लढाईत लढलेली नौका, तोफांच्या बुरुजांच्या वजनाने उलटली ती तशीच पालथी पडली आहे. वरून दिसतं ते फक्त डोंगरासारखं तळाचं पोलाद, पण तळापाशी एका बाजूने वाकून बघितलं की ३०.५ सेंटिमीटरच्या तोफेची नळी टॉर्चच्या उजेडात दिसते. आत शिरू नका. भंगारासाठी सुरुंग लावून फोडलेले भाग आहेत, पत्रे लोंबतायत, आणि बाहेरूनच इतकं आहे की आत जायची गरजच नाही.

चौथ्या दिवशी माझ्या डाव्या ड्रायग्लव्हची कड नीट बसली नव्हती, पाणी शिरलं आणि वीस मिनिटांत बोटं बधिर झाली, सूटमध्ये हवा भरायच्या इन्फ्लेटरचं बटण दाबलं जातंय का तेच कळेना. बडीला लगेच खूण केली आणि दोघं वर आलो. थंड पाण्यात हात जाणं म्हणजे सगळी कामं जाणं, तेव्हा ग्लव्हची रिंग बडीकडून तपासून घ्याच आणि सुटे हातमोजे जवळ ठेवा. रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो ते यंत्र) थंड पाण्यासाठीचाच हवा, साधा असेल तर हवा सुटतच राहू शकते. बहुतेक डाइव्ह ३०-३६ मीटरच्या, म्हणून नायट्रॉक्सचं (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचं) सर्टिफिकेट आणि वर येताना सोडायची एसएमबी (पाण्यावर तरंगणारा खुणेचा फुगा) सराईतपणे सोडता येणं, दोन्ही लागतं. बोटीवर मागे लिफ्ट होती, एवढं ओझं घेऊन शिडी चढावी लागली नाही, बुक करताना हे विचारून घ्या. दोन डाइव्हच्या मध्ये गरम सूप मिळतं, मी आलेपाकाच्या वड्या नेल्या होत्या, त्या सगळ्या बोटीने संपवल्या.

मधल्या वेळात बोट हॉय बेटावरच्या लिनेसला थांबली तर म्युझियम बघून पुढे दफनभूमीपर्यंत चालत जा. जहाजं बुडवली त्या दिवशी मेलेल्या जर्मन खलाशांच्या कबरी तिथे आहेत. ते बघून आल्यावर दुपारची डाइव्ह वेगळी वाटते, निदान मला तरी वाटली. आणि एक, या सातही जहाजांना २००१ पासून कायद्याचं संरक्षण आहे, स्क्रूसुद्धा उचलायचा नाही. एचएमएस रॉयल ओक तर १९३९ मध्ये ८०० हून जास्त माणसांसकट बुडाली, ती युद्धकबर आहे, तिथे डायव्हिंगला बंदीच आहे. तिच्या जागेवर हिरवा बोया आहे, आमचा स्किपर तिथून जाताना इंजिन हळू करायचा.

मार्कग्राफ मी केली नाही. ती ४५ मीटरवर आहे आणि माझं ट्रेनिंग तेवढं नाही. बोटीवरचे चौघं जाऊन आले, मी वर बसून त्यांच्या एसएमबी मोजत होते. त्यासाठीचा डेकोचा (वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावं लागणाऱ्या खोल डाइव्हचा) कोर्स जानेवारीत त्याच दगडखाणीत सुरू होतोय.